बाईंना दिसेल असा मासा

दुकानात नवा माणूस आला की हात मागे बांधून टाक्यांसमोरून एक फेरी मारतो, प्रदर्शन बघावं तसा. मग माझ्याकडं वळून विचारतो, "यातला खायला कुठला बरा?" मी कधी चिडले नाही. पेणच्या बाजारात मोठा जिताडा आला की दुपारपर्यंत अर्ध्या गावाला त्याचं वजन माहीत असतं. अशा गावात मासे विकत आणून त्यांनाच जेवू घालायचं, ही गोष्ट लोकांच्या गळी उतरायला वेळ लागणारच. माझ्या आईच्या गळी ती शेवटपर्यंत उतरली नाही.

वडील धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात कामाला होते. मी घरातल्या टाकीसाठी समुद्राचं पाणी तयार करते हे कळल्यावर ते मुद्दाम दुकानात येऊन बसले. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात मी पाकिटातलं मीठ ओतत होते. थोडा वेळ बघून म्हणाले, "येवढी खाडी पडलीय दारान, न तू नलाच्या पान्यान मीठ घालतंस?" मी त्यांना समजावलं की खाडीच्या पाण्यात गाळ असतो, बार्जेसचं तेल असतं. मिठागरातलं मीठ खायला उत्तम, पण समुद्रातली बाकीची द्रव्यं त्यातून निघून गेलेली असतात, आणि माशाला नुसत्या खारटपणावर जगता येत नाही. त्यांनी पिंपात बोट बुडवलं, चाखलं, डोळे मिटून थोडा विचार केला आणि म्हणाले, "व्हय. समुद्रच हाय." त्या दिवसानंतर मी खारेपणा मोजायचं यंत्र वापरत आले खरी, पण त्या दाखल्याइतका भरवसा मला यंत्राचा कधी वाटला नाही.

आता मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. दुकान गेल्या वर्षी भाचीकडं दिलं. साध्या गोड्या पाण्यातल्या माशांपासून सुरुवात केली होती, पण माझा जीव अडकला तो समुद्री टाकीत, ज्याला आमच्या धंद्यात रीफ म्हणतात. रीफ म्हणजे प्रवाळाच्या बेटाचा एक तुकडा घरात वसवायचा. आपल्या किनाऱ्यावरचे प्रवाळ काढायला आणि विकायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. त्यामुळं मी बनवलेले दगड रचते आणि बाहेरच्या देशात वाढवलेली, कागदपत्रांसकट आलेली मऊ प्रवाळं त्यावर बसवते. पाणी, दिवे, पंप हे सगळं महिनाभरात जमतं. खरं कौशल्य लागतं ते मासे निवडायला.

लोकांना वाटतं, मासा आवडला की घ्यावा. माझ्या दुकानात तसा मिळत नसे. आधी सांगा टाकी केवढी, आत कोण कोण आहे, किती दिवस झाले. यावर काही गिऱ्हाइकं रागावून गेली. एक कंत्राटदार मात्र माझं न ऐकता बाहेरून लायनफिश घेऊन आले. पिसाऱ्यासारखे पंख, दिमाखदार चाल. "ताई, बघा, कुनाशी भांडत नाय तो," मला म्हणाले. ते खरंच होतं. लायनफिश भांडत नाही. तोंडात मावेल तो मासा गिळतो आणि पुन्हा शांत उभा राहतो. आठवड्याभरात त्यांच्या टाकीत तो एकटा उरला, भांडायला कुणी नसलेला.

चूक माझ्याकडूनही झाली आहे. सुरुवातीला मला कुणीतरी शिकवलं होतं की नव्या टाकीत आधी डॅमसेल सोडावेत, काटक असतात, मरत नाहीत. पेणच्याच एका डॉक्टरांकडं मी तीन सोडले. ते मेले नाहीत हे खरं, पण महिनाभरात त्यांनी सगळी टाकी आपल्या नावावर करून घेतली. नंतर सोडलेल्या प्रत्येक गरीब माशाला त्यांनी कोपऱ्यात दाबून मारलं. शेवटी एक एक दगड बाहेर काढून त्या तिघांना पकडावं लागलं. तेव्हापासून माझा नियम ठरला. सगळ्यात भित्रा मासा आधी सोडायचा, त्याला जागा सापडू द्यायची, आणि दांडगा असेल तो सगळ्यात शेवटी. काही मासे तर रीफच्या टाकीत सोडायचेच नाहीत. त्या यादीत माझ्याकडं सगळ्यात वर नाव होतं ट्रिगरचं.

हा ट्रिगर मला वरसेच्या टाकीत भेटला, आणि तीच गोष्ट मला आज सांगायची आहे.

वरसे म्हणजे रोह्याला लागून असलेलं गाव. आता तिथं बंगले आणि सोसायट्या वाढल्यात. तिथल्या एका बंगल्यात कर्णिक पती-पत्नी राहतात. मुलगा परदेशात. साहेब धाटावच्या एका रसायन कंपनीतून निवृत्त झालेले, उंच, मोजकं बोलणारे. त्यांच्या पत्नी सुलभाबाई रोह्यातल्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवत होत्या. अख्खं रोहे त्यांना बाईच म्हणतं, मीही तेच म्हणते. साहेबांनी मला फोन केला तेव्हा करोना ओसरून दोनेक वर्षं झाली होती. "हॉलमध्ये मोठी समुद्री टाकी हवी आहे," म्हणाले. "सहा फुटी. जिवंत वाटली पाहिजे."

अशी गिऱ्हाइकं माझ्यासारखीला रोज मिळत नाहीत. मी जीव ओतून काम केलं. महिनाभर टाकी नुसती पाण्या-दगडांची ठेवली. साहेबांनी तक्रार केली नाही, उलट रोजचं पाणी तपासून वहीत नीट लिहून ठेवलं. मग मी मासे निवडले. आधी लाल शेपटीचे दोन फायरफिश, इतके लाजाळू की सावली पडली तरी बिळात. मग अर्धा जांभळा, अर्धा पिवळा ग्रामा. दगडावर बसून इतर माशांचं अंग साफ करणाऱ्या दोन लाल कोळंब्या. मग क्लाउनफिशची जोडी. आणि दहा महिन्यांनी, दगडांवर डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे पुरेसे वाढल्यावर, मँडरिन. हा बोटाएवढा मासा, अंगावर हिरव्या-निळ्या-केशरी वेलबुट्टीची नक्षी. तो दुसरं काही खातच नाही, त्या किड्यांवर जगतो. घाई करून सोडला तर सुंदर दिसत दिसत उपाशी मरतो. दहा महिने मी त्या एका माशासाठी थांबले होते. तो दगडावरून टेहळत पहिल्यांदा निघाला तेव्हा मला वाटलं, आजवर केलेल्या सगळ्या टाक्यांत ही सरस.

एक गोष्ट मात्र खटकायची. टाकीसमोर सोफा होता, पण बाई त्यावर कधी बसत नसत. त्यांची वेताची खुर्ची टाकीच्या उजव्या बाजूला, आणि तोंड खिडकीकडं. मी मासे दाखवायला लागले की "हो का? छान, छान" म्हणत, पण नजर बाहेरच्या नारळावर. मला वाटलं, टाकी हा साहेबांचा हट्ट दिसतोय, बाईंना यात रस नाही. बाकी बोलायच्या भरपूर. मला एकेरीत हाक मारायच्या, पाणी बदलून होईस्तोवर स्वयंपाकघरातून वालाच्या बिरड्याचा वास यायचा आणि जेवल्याशिवाय सोडत नसत.

मँडरिन सोडल्याला तीन महिने झाले असतील. नेहमीच्या फेरीला गेले तर दोन्ही कोळंब्या गायब. दगडात एक रिकामं कवच सापडलं. कोळंबी कात टाकते, तसं असेल म्हणून मी सोडून दिलं. ग्रामा बाहेर आला नाही. "साहेब, नवीन काही सोडलंत का?" मी विचारलं. "नाही, नाही," ते म्हणाले, आणि मला चहा हवा का ते विचारलं. साहेब चहाचं कधी विचारत नसत, ते बाईंचं खातं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला. "वंदना, जमेल तेव्हा येऊन जा गं. तो नक्षीचा मासा गेला म्हणतात हे. सकाळपासून जेवले नाहीत."

मी दुकान बंद केलं आणि गाडी काढली. हॉलमध्ये शिरले तर बाई त्यांच्या खुर्चीत, तोंड खिडकीकडं. आणि टाकीच्या उजव्या कोपऱ्यात, बाईंच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर, काचेला तोंड लावून एक मासा उभा होता. काळाभोर, अंगावर नाण्यांएवढे पांढरेशुभ्र ठिपके, तोंडाभोवती हळदीचा पट्टा. क्लाउन ट्रिगर. देखण्यांत देखणा आणि दांडग्यांत दांडगा. दात असे की शंख फोडून खातो. मला बघितल्याबरोबर तो दगडात घुसला.

"आलीस? बस," बाई म्हणाल्या. "बाकी काही असो, तू दिलेला हा ठिपक्या मात्र फार गुणी आहे हो. मी बसले की येतोच. तुला सांगायचं राहूनच गेलं होतं. फार छान मासा निवडलास."

मी साहेबांकडं पाहिलं. ते टेबलावरचं वर्तमानपत्र सरळ करत होते. ते आधीच सरळ होतं.

मी बादली धुवायच्या निमित्तानं परसात गेले. साहेब मागोमाग आले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"ट्रिगर हाय तो साहेब. मी पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं तुम्हाला, रीफमध्ये हा नाय चालत." रागावले की माझी घरची भाषा बाहेर पडते.

"सांगितलं होतं."

"मग बाहेरून आणून गुपचूप सोडलात? आन् बाईंना सांगितलं मी दिला?"

साहेब नारळाच्या आळ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही निवडलेल्यातला एकही मासा तिला दिसत नाही, वंदनाताई."

हळूहळू त्यांनी सांगितलं. बाईंच्या डोळ्यांच्या पडद्याला मधोमध झीज झाली आहे. समोर बघितलं की मध्ये धुक्याचा गोळा असतो. ज्याच्याकडं बघावं तोच त्या गोळ्यात जातो. कडेनं मात्र थोडं दिसतं. म्हणून त्या टाकीकडं तोंड करून बसत नाहीत. खिडकीकडं बघतात तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या टाकीच बघत असतात. वाचन गेलं, विणकाम गेलं. शाळेतल्या जुन्या मुली भेटायला येतात त्यांना आवाजावरून ओळखतात, आणि हे कुणाला कळू द्यायचं नाही अशी साहेबांना सक्त ताकीद. टाकी साहेबांनी त्यांच्यासाठी केली होती. हलणारं, रंगीत काहीतरी घरात असावं म्हणून. वर्षभर मी एकाहून एक नाजूक मासे आणून सोडत गेले आणि बाई "छान, छान" म्हणत राहिल्या.

"मग मुंबईत एका दुकानात हा पाहिला," साहेब म्हणाले. "काळ्यावर पांढरं. आणून सोडला, आणि दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, अहो, काहीतरी गेलं इथून! ठिपके होते! तिचा तो आवाज मी किती दिवसांनी ऐकला. मग मला त्याला परत काढवेना. कोळंब्या गेल्या तेव्हाही काढवेना."

राग तर कुठल्या कुठं गेला होता. तेरा वर्षं मी गिऱ्हाइकांना विचारत आले, टाकी केवढी, आत कोण आहे. कुणाला कोण चालेल याचा माझ्याइतका विचार रायगड जिल्ह्यात कुणी केला नसेल. पण ही टाकी बघणार कोण, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

आत आलो तर बाईंनी विचारलं, "काय ठरलं परसात?"

"काही नाही," साहेब म्हणाले.

"पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेत मी. दोघं बाहेर जाऊन गप्प होऊन परत आले की काहीतरी फुटलेलं असतं. सांगा."

साहेबांनीच सांगितलं. उभं राहून, शाळेतल्या मुलासारखं, सगळं. मग बाई मला म्हणाल्या, "वंदना, आता आत कोण कोण उरलंय ते सांग. एकेकाचं सांग."

मी सांगितलं. फायरफिश दोन, बिळातून बाहेर येत नाहीत. क्लाउनफिशची जोडी, वरच्या कोपऱ्यात पंपाला चिकटून. ग्रामा एक, शेपूट फाटलेलं.

"शेपूट फाटलंय?"

"हो बाई."

"मला कुणी सांगितलं नाही." त्यांनी टाकीच्या काचेवर हात ठेवला. "मला दिसत नाहीत म्हणून ते नाहीत असं थोडंच आहे? काढ त्याला."

"अगं, पण मग तुला..." साहेब म्हणाले.

"काढ, वंदना."

ट्रिगर पकडणं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच माहीत. त्याच्या पाठीवर एक काटा असतो. घाबरला की फटीत शिरून तो काटा उभा करतो आणि अडसर लावावा तसा आतून पक्का बसतो. ओढायला जावं तर अंग फाटेल पण सुटणार नाही. मी जाळी घेऊन दोन तास झटले. जाळी पाण्यात गेली की तो फटीत, जाळी बाहेर काढली की टाकीभर मोकळा. साहेब घामाघूम, मी खांद्यापर्यंत भिजलेली. शेवटी म्हटलं, सगळे दगड काढावे लागतील. मग उरलेल्या माशांचे हाल, प्रवाळांचे हाल.

"तो माझ्या हातून खातो," बाई म्हणाल्या. "मला देऊन बघ."

आम्ही मोठ्या तोंडाची पारदर्शक बरणी पाण्यात आडवी ठेवली. साहेबांनी स्टूल आणलं. बाई स्टुलावर चढल्या, साहेबांनी कोपराला धरलं. चिमट्यात सोललेल्या कोळंबीचा तुकडा देऊन मी त्यांचा हात बरणीच्या तळापर्यंत नेला. मी आणि साहेब खाली वाकून, श्वास रोखून.

"ये रे," बाई पाण्याकडं बघून म्हणाल्या. "ये, ठिपक्या."

आणि तो आला. दोन तास जाळीला दाद न देणारा तो मासा दगडातून निघाला, एक डोळा माझ्याकडं फिरवला, मग बाईंच्या हाताकडं पाहिलं आणि सरळ बरणीत शिरला. बाईंचा हात हळूच बाहेर घेऊन मी झाकण लावलं.

"आला का?" बाईंनी विचारलं. त्यांना ते दिसलं नव्हतं.

"आला."

त्या स्टुलावरून उतरल्या आणि हात कोरडा झाला तरी पदराला पुसत राहिल्या.

तीन वाजले होते. कुणाला भूक नव्हती, पण बाईंनी पानं घेतली. ताटात कोळंबीची खिचडी होती, सकाळीच केलेली. साहेब घास हातात धरून थांबले. "त्यानं दोन कोळंब्या खाल्ल्या म्हणून आपण इतकं..." बाईंना आधी हसू फुटलं, मग मला, मग साहेबांनाही. हसता हसता बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि आम्ही दोघांनी आपापल्या ताटात बघितलं.

ठिपक्याला पेणला न्यायचं ठरलं. साहेब म्हणाले, मी बादली धरून बसतो. वाटेत हायवेवर खांब गावाजवळ गाड्यांची रांग लागली, पुढं कुठंतरी ट्रेलर आडवा झाला होता. बॅटरीवरचा पंप बादलीत बुडबुडे सोडत होता. अर्धा तास आम्ही तिथंच. साहेब म्हणाले, "तीस वर्षं प्लांटमध्ये लोकांना एकच शिकवलं. कशात काय मिसळायचं नाही. बोर्डावर लिहून लावायचो. आणि घरात काय केलं बघा."

"साहेब, तुमचं मिसळणं चुकलं," मी म्हटलं, "पण माझं तर विचारणंच चुकलं. मला महिनाभर द्या. त्यांना दिसेल आणि बाकीच्यांना चालेल असा मासा मी शोधते."

म्हणायला म्हटलं. पण असा मासा कुठला, ते मला माहीत नव्हतं. बाईंना काय दिसतं हेच मला माहीत नव्हतं. म्हणून मी काळ्या कागदाचे दोन गोल कापले, माझ्या चष्म्याच्या काचांवर मधोमध चिकटवले आणि दुकानात एकेका टाकीच्या बाजूला खुर्ची टाकून, तोंड रस्त्याकडं करून बसले. शेजारी गणपतीचा कारखाना आहे. तिथं मूर्तींची रंगकामं करणारी सुमन चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"काय गो, डोलं आलं काय?"

मी तिला सगळं सांगितलं. ती तशीच उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, "निळा दिसत नाही. लाल तर काळाच वाटतो. पिवळा जरा कळतो, पण वाळूवर आला की विरघळतो."

"निसता पिवला कशाला दिसंल?" सुमन म्हणाली. "पितांबराला आमी काली कड का मारताव? पिवल्याला कालं लागून असलं की लांबून पन उठून दिसतं. न तुझं दिवं किती निलं, त्यान माझी पन नजर मरतं."

आयुष्यभर मूर्ती रंगवणाऱ्या बाईनं मला दोन वाक्यांत धडा दिला. निळसर उजेड आम्हा रीफवाल्यांना फार आवडतो, प्रवाळं त्यात चमकतात. बाईंच्या टाकीवर मी तोच लावला होता. दुसऱ्या आठवड्यात मी वरसेला जाऊन दिवे पांढऱ्याकडं झुकवले, उजव्या कोपऱ्यातला दगडांचा मनोरा काढून पोहायला मोकळी जागा केली आणि मागच्या काचेला गडद कागद लावला. आणि मासा ठरवला तो फॉक्सफेस. अंग लिंबासारखं पिवळंजर्द, तोंडावर काळा-पांढरा पट्टा, वाढतो वीतभर. शेवाळ खातो, कुणाच्या वाटेला जात नाही. पाठीचे काटे विषारी आहेत, पण ते फक्त बचावाला. त्याला हात लावायचा नाही एवढं पथ्य. दोन आठवडे मी त्याला दुकानात वेगळा ठेवून, तपासून, खातोपितो हे बघून वरसेला नेला.

आणि फजिती झाली. फॉक्सफेस घाबरला की रंग बदलतो हे मला माहीत होतं, पण इतका बदलेल असं वाटलं नव्हतं. पाण्यात सोडल्याबरोबर ते पिवळं सोनं चिखलासारखं तपकिरी झालं, अंगावर डाग उमटले, आणि मासा डाव्या टोकाच्या दगडामागं दिसेनासा झाला. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

"सोडलास?"

"सोडला बाई. जरा बुजलाय."

"हो का?" बाई म्हणाल्या. "छान."

ते "छान" मला आता चांगलं ओळखू येत होतं.

रोज सकाळी साहेबांचा फोन यायचा. आज नाही. आज रात्रीचं शेवाळ खाल्लेलं दिसतंय, पण मासा नाही. आज शेपूट दिसलं, तपकिरीच होतं. मधल्या काळात पनवेलला डोळ्यांच्या इंजेक्शनला जाताना दोघांनी पेणला गाडी थांबवली. ठिपक्याला मी दुकानात वेगळी टाकी दिली होती, बाहेर पाटी लावली होती, विकायचा नाही. बाई बाजूला बसल्या आणि तो लगेच काचेशी आला. बाई त्याच्याशी बोलत बसल्या, साहेब फुटपाथवर उभे. मला म्हणाले, "एक विचारू? हा नवा परत न्या आणि हिला घरी याचीच वेगळी टाकी करून द्या. तुमचा मासा काही येत नाही बाहेर."

"बाई मागतील तर देईन," मी म्हटलं. "पण अजून थोडं थांबा. भित्र्याला जागा सापडायला वेळ लागतो."

हे मी शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलं आहे. त्या दिवशी सांगताना मात्र माझा मलाच विश्वास वाटत नव्हता. पेशाचा अभिमान बाजूला ठेवून सांगते, मी मनातल्या मनात ठरवलं होतं की पुढच्या फेरीला नाही आला तर हार मानायची.

त्या फेरीला सकाळी दहाला पोचले. ग्रामाचं शेपूट भरून आलं होतं, फायरफिश बिळाच्या तोंडाशी होते, क्लाउनफिश पुन्हा आपल्या जागेवर. मी गुडघ्यावर बसून पाण्याचा नमुना नळीत घेत होते. साहेब शेजारी उभे राहून वहीत आकडे लिहायला तयार. बाई खुर्चीत, खिडकीकडं तोंड करून, मला सांगत होत्या की रोह्याच्या बाजारात शेवग्याच्या शेंगा कशा लाकडासारख्या येतायत. वाक्य अर्ध्यावर थांबलं.

"अहो!"

आम्ही दोघांनी दचकून त्यांच्याकडं पाहिलं.

"पिवळं! हे असं इथून तिथं गेलं! तोंड काळं होतं!"

साहेबांच्या हातून वही पडली. "कुठाय? कुठाय?" आम्ही दोघं टाकीला नाक लावून उभे. दगड, वाळू, फायरफिश. पिवळं काही नाही.

"आता गेला दगडामागं," बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या, नजर अजून खिडकीबाहेर. "तुम्हा दोघांना धड डोळे आहेत ना? मग जरा बघत जा की."